पोटातला गोळा

तालुका क्रीडा स्पर्धेच्या दिवशी वाईतल्या कुठल्याही मैदानावर शंभर मीटरच्या हीटआधी दहा मिनिटं उभं राहावं. एक मुलगी तिसऱ्यांदा लघवीला जाऊन येते. दुसरी बांधलेली लेस सोडून पुन्हा बांधते. एक मुलगा उगाच मोठमोठ्यानं हसत असतो, आणि एरवी वर्ग डोक्यावर घेणारा त्याचा मित्र चिडीचूप बसलेला असतो. ‘सर, लय टेन्शन आलंय,’ असं कुणी म्हणालंच, तर सर पाठीवर थाप मारून सांगतात, ‘टेन्शन घेऊ नकोस, बिनधास्त पळ.’ सरांचा हेतू चांगलाच असतो. पण हे वाक्य ऐकून ज्याचं टेन्शन उतरलं असा खेळाडू अजून जन्माला यायचाय. त्यानं ते हौसेनं घेतलेलं नसतं. त्यामुळे ‘खाली ठेव’ म्हटल्यावर ते ठेवताही येत नाही.

मग करायचं काय? क्रीडा मानसशास्त्रानं गेल्या शंभरेक वर्षांत या प्रश्नाचं बऱ्यापैकी व्यवहारी उत्तर शोधलं आहे. त्या उत्तराचे दोन भाग आहेत. ताण आल्यावर नेमकं काय करायचं, हे धावण्या-उचलण्यासारखंच सरावानं शिकता येतं, हा पहिला भाग. दुसरा भाग ऐकायला थोडा अवघड आहे: मुलांवरचा बराचसा ताण मैदानाबाहेर उभी असलेली मोठी माणसं तयार करतात, म्हणून निम्मं प्रशिक्षण त्यांचंही व्हायला हवं.

आपल्याकडे हा ताण एवढा मोठा का, हे आधी पाहू. शालेय स्पर्धांची शिडी सरळ आहे. १४, १७ आणि १९ वर्षांखालचे गट. वाईतून जिल्ह्याला, जिल्ह्यातून कोल्हापूर विभागाला, तिथून राज्याला आणि नशीब फळफळलं तर राष्ट्रीयला. वरच्या पायरीवरच्या प्रमाणपत्राला दहावी-बारावीत सवलतीचे गुण मिळतात. राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. पोलीस किंवा सैन्यभरतीची वाट धरणाऱ्या सातारा-सांगलीच्या घरांत मैदान ही चैन नसते, ती पुढच्या आयुष्याची तजवीज असते. पंधरा वर्षांची मुलगी रेषेवर वाकते, तेव्हा तिच्या मनात समोरच्या शंभर मीटरखेरीज घरातला हा सगळा हिशेबही असतो.

शरीर तयार, मन घाबरं

स्पर्धा समोर आली की मेंदू तिला संकट समजतो. मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी रक्तात ॲड्रिनॅलिन सोडतात. हृदय जोरात चालतं, श्वास उथळ होतो, पोटाकडचं रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं. पोटात गोळा येतो, तोंडाला कोरड पडते, तळवे घामेजतात. शरीर पळायला किंवा भिडायला सज्ज होतंय, एवढाच या सगळ्याचा अर्थ. धावणाऱ्या मुलीला यातलं बरंच काही उपयोगी पडतं. पंचाईत होते ती मनाच्या बाजूनं. धडधड जाणवताच मन निष्कर्ष काढतं, ‘झालं, आज आपलं काही खरं नाही.’

अमेरिकी क्रीडा मानसशास्त्रज्ञ रेनर मार्टेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये स्पर्धेआधीची मनःस्थिती मोजायची प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात त्यांनी तीन गोष्टी वेगवेगळ्या धरल्या: शरीराला जाणवणारी चिंता, डोक्यात घोळणारी चिंता आणि आत्मविश्वास. ही विभागणी प्रशिक्षकाच्या कामाची आहे. शरीराची चिंता अगदी सुरुवातीच्या क्षणाला टिपेला पोचते आणि खेळ सुरू झाला की बरीचशी ओसरते. डोक्यातली चिंता मात्र आठवडाभर आधी सुरू होते आणि खेळ चालू असतानाही पाठ सोडत नाही. पहिलीवर श्वासाचा आणि स्नायू सैल सोडण्याचा उपाय चालतो; दुसरीसाठी विचारांवर काम करावं लागतं. दोघींना एकच औषध दिलं की एक तरी तशीच राहते.

ताण पूर्ण घालवावा का? मुळीच नाही. रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन यांनी १९०८ मध्ये उंदरांना सौम्य-तीव्र विजेचे धक्के देऊन त्यांचं शिकणं तपासलं. काम सोपं होतं तेव्हा जोरदार धक्क्यानंही ते लवकर शिकले. काम नाजूक होतं तेव्हा मध्यम धक्काच सर्वांत उपयोगी ठरला. मैदानावर हेच दिसतं. वजन उचलायला जाणारा मुलगा गालावर चापट्या मारून घेतो, आरोळी ठोकतो, आणि ते त्याला मानवतं. तिरंदाजानं तेच केलं तर बाण बटाबाहेर, म्हणजे लक्ष्य लावलेल्या जाड गादीबाहेर जाईल. शिवाय माणसागणिक फरक आहेच. युरी हानिन या मानसशास्त्रज्ञानं दाखवून दिलं की प्रत्येक खेळाडूचा ताणाचा स्वतःचा एक पट्टा असतो. कुणी थोड्या ताणात उत्तम खेळतो, कुणाला भरपूर लागतो.

आपला पट्टा शोधायला यंत्र लागत नाही. वही पुरते. प्रत्येक सामन्याआधी १ ते १० मध्ये ‘आत्ता किती ताण आहे’ याचा आकडा लिहायचा आणि सामन्यानंतर ‘मी कसा खेळलो’ याचा. दहा-बारा सामन्यांत चित्र स्पष्ट होतं. सहा-सातवर सर्वांत चांगलं पळणाऱ्या मुलीला तिचा आकडा कळला, की पुढच्या वेळी सहा आल्यावर ती घाबरत नाही. ती म्हणते, ‘आला आपला नंबर.’

वीस सेकंद

५ ऑगस्ट २०२३ रोजी बर्लिनमध्ये जागतिक तिरंदाजी स्पर्धेच्या कंपाउंड प्रकाराची अंतिम लढत झाली. एका बाजूला साताऱ्याची १७ वर्षांची अदिती स्वामी, दुसऱ्या बाजूला मेक्सिकोची आंद्रेआ बेसेरा. लक्ष्य ५० मीटरवर, त्यातलं दहा गुणांचं वर्तुळ अवघं ८ सेंटिमीटर व्यासाचं. प्रत्येकी १५ बाण, पाळीपाळीनं, आणि एका बाणाला २० सेकंद. अदितीनं १५० पैकी १४९ गुण मिळवले, बेसेरानं १४७. वरिष्ठ गटात तिरंदाजीतलं भारताचं हे पहिलं वैयक्तिक विश्वविजेतेपद आणि अदिती त्या गटातली सर्वांत लहान वयाची विश्वविजेती. त्याच दिवशी नागपूरचा ओजस देवतळे १५० पैकी १५० गुण घेऊन पुरुषांचा विश्वविजेता झाला. दोघंही साताऱ्यात प्रवीण सावंत यांच्या दृष्टी आर्चरी अकादमीत तयार झालेले.

पंधरा बाणांत फरक दोन गुणांचा. या पातळीवर धनुष्य ओढायची ताकद आणि नेमबाजीचं तंत्र दोघींकडेही असतं. म्हणून त्या वीस सेकंदांत मन कुठे असतं, याला किंमत येते.

तिरंदाजीत ‘टार्गेट पॅनिक’ नावाचा एक कुप्रसिद्ध आजार आहे. धनुष्य ओढलेलं असतं, नेम धरायची साइट पिवळ्या वर्तुळाकडे सरकत असते, आणि ती तिथे पोचायच्या आतच बोट बाण सोडून देतं. कधी उलटं होतं: साइट वर्तुळाच्या खाली येऊन अडकते आणि काही केल्या वर सरकत नाही. वर्षानुवर्षं उत्तम खेळलेल्यांनाही हा त्रास होतो, कारण डोळ्याला लक्ष्य दिसताच मन निकालाकडे धावतं. यावरचा जुना उपाय पाहण्यासारखा आहे. खेळाडूला बटापासून तीन-चार मीटरवर उभं करायचं, लक्ष्याचा कागद काढून टाकायचा आणि रिकाम्या बटावर बाण मारायला लावायचे, काही वेळा डोळे मिटून. गुण नाहीत, वर्तुळ नाही. खांदा, पाठ आणि सुटणारी दोरी एवढंच जाणवत राहतं. काही आठवड्यांनी लक्ष्य परत येतं, हळूहळू लांब जातं.

या उपायाच्या मुळाशी जे आहे, तेच सगळ्या मानसिक प्रशिक्षणाच्या मुळाशी आहे. लक्ष एका वेळी फार थोड्या गोष्टींवर राहू शकतं. ती जागा कृतीनं भरली, तर निकालाच्या विचाराला शिरायला फट कमी मिळते. म्हणूनच प्रत्येक कसलेल्या खेळाडूचं ‘रूटीन’ ठरलेलं असतं. तिरंदाजाचं काहीसं असं: पाय रोवले, पकड घेतली, एक श्वास सोडला, दोरी ओढली, हात जबड्याशी टेकवला, साइट स्थिरावली, पाठ आवळली, बाण सुटला, हात तिथेच थांबला. वीस सेकंदांत ‘जिंकले तर काय, हरले तर काय’ याला जागाच उरत नाही.

हे इतर खेळांतही बांधता येतं. कबड्डीची चढाई करणाऱ्यानं मध्यरेषेपाशी एक श्वास सोडायचा, दोन्ही कोपऱ्यांकडे नजर टाकायची, मनात एक शब्द म्हणायचा आणि मगच निघायचं. लांब उडीवाल्यानं खुणेवर टाच टेकवून हात झटकायचे, फळीकडे पाहायचं, पहिलं पाऊल टाकायचं. पायऱ्या चार-पाचच हव्यात, आणि सरावात एकदाही त्या चुकवायच्या नाहीत. फक्त फायनलला काढायचं रूटीन म्हणजे न वाचलेल्या धड्यावर लिहिलेलं उत्तर.

हृदयाची गती निकालाशी कशी जोडलेली असते, हे टोकियो ऑलिम्पिकमध्ये जगानं पडद्यावर पाहिलं. तिथे तिरंदाजांच्या हृदयाचे ठोके कॅमेऱ्याच्या साहाय्यानं मोजून थेट प्रक्षेपणात दाखवले जात होते. पुढे संशोधकांनी ते आकडे तपासले, तेव्हा ठोके वाढलेले असताना मारलेल्या बाणांना कमी गुण मिळाल्याचं आढळलं. मग ठोके आटोक्यात कसे आणायचे? हृदयाला थेट हुकूम देता येत नाही. श्वासाला देता येतो.

श्वासाचं कसब

श्वास आत घेताना हृदय किंचित वेगानं चालतं, सोडताना किंचित मंदावतं. म्हणून सोडायचा श्वास लांबवला की शरीराला शांत करणारी मज्जायंत्रणा जोर धरते. पद्धत साधी आहे. चार अंक मोजत नाकानं श्वास घ्यायचा, सहा अंक मोजत सावकाश सोडायचा. मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. श्वास कोंडून धरायचा नाही, जोर लावायचा नाही. लहान मुलांना अंक जमत नसतील तर पोटावर हात ठेवून हात वर-खाली होतोय का, एवढंच पाहायला सांगावं. रोज पाच मिनिटं, शांत वेळी. तीन-चार आठवडे असा सराव झाला, की मैदानावर दोन श्वासही पुरतात, कारण शरीराला ती खूण ओळखीची झालेली असते.

महाराष्ट्राला हे परकं नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केलं आणि आसन-प्राणायामाचे शरीरावर होणारे परिणाम प्रयोगशाळेत मोजायला सुरुवात केली. योगाभ्यास आणि खेळाडूचं मन यांची सांगड घालणारं मराठीतलं मोठं नाव म्हणजे नाशिकचे भीष्मराज बाम. पोलीस सेवेतून निवृत्त झालेल्या बामांनी नेमबाजांपासून क्रिकेटपटूंपर्यंत कितीतरी खेळाडूंना एकाग्रतेचे धडे दिले. त्यांचं ‘विजयाचे मानसशास्त्र’ हे पुस्तक आजही क्रीडा शिक्षकांनी हाताशी ठेवावं असं आहे.

श्वास प्रत्यक्ष कसा कामी येतो? कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक जिंकला. त्यानंतर त्यानं पत्रकारांना सांगितलेली हकीकत अगदी साधी होती: सकाळी काही खाल्लं नव्हतं, फक्त काळा चहा घेतला होता; छाती धडधडत होती; श्वासावर लक्ष ठेवलं आणि वेगळं काही करायला गेलो नाही. ऑलिम्पिक पदक विजेत्याच्याही पोटात गोळा येतो, हे वाईच्या पोराला कळलं तरी त्याचं निम्मं ओझं उतरेल.

स्वतःशी बोलणं

धडधड थांबेना, तर तिचा अर्थ बदलता येतो. हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रूक्स यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना सगळ्यांसमोर गाणं, भाषण, गणितं अशा कामांना बसवलं. ‘मी शांत आहे’ असं स्वतःला बजावणाऱ्यांपेक्षा ‘मला उत्साह वाटतोय’ असं म्हणणाऱ्यांची कामगिरी सरस झाली. शरीर उधळलेलं असताना ‘शांत आहे’ म्हणणं मनालाच पटत नाही. ‘अंगात जोर आलाय’ हे पटतं. म्हणून ‘भ्या वाटतंय’च्या जागी ‘गडी तयार झालाय’ हे वाक्य मुलांच्या तोंडी बसवावं. वाक्य त्यांच्या बोलीतलं हवं. पुस्तकी मंत्र ऐन वेळी आठवत नाही.

मनात चित्र रंगवणं हे दुसरं साधन. पण पुष्कळ मुलं गळ्यात हार पडल्याचं, गावातून मिरवणूक निघाल्याचं चित्र रंगवतात. त्यानं मन सुखावतं, खेळ सुधारत नाही. चित्र कृतीचं हवं आणि सगळ्या इंद्रियांचं हवं: मॅटचा खरखरीत स्पर्श, पंचाची शिटी, समोरच्याची मनगटावरची पकड. त्यात चूकही हवी. पहिल्या मिनिटात दोन गुण गेले, मग मी काय करतो? हे आधीच ठरवून ‘जर-तर’च्या वाक्यात लिहावं. जर सुरुवात खराब झाली, तर पुढचे तीस मीटर फक्त हातांकडे लक्ष. जर पहिली उचल फसली, तर खुर्चीवर बसायचं, दोन श्वास, पाण्याचा घोट, पुन्हा तेच वजन. निर्णय आधी झालेला असला की गोंधळाच्या क्षणी डोकं शिणवावं लागत नाही.

इथे प्रशिक्षकांसाठी एक सावधगिरी आहे. रिच मास्टर्स या संशोधकानं १९९२ मध्ये नवशिक्यांच्या एका गटाला गोल्फचा चेंडू ढकलण्याचे नियम पाठ करून शिकवले आणि दुसऱ्याला नियमांविना. दडपणाखाली नियमवाल्यांचा खेळ बिघडला, दुसऱ्यांचा टिकला. अंगवळणी पडलेली गोष्ट माणूस विचारपूर्वक करू लागला की अडखळतो. म्हणून सामना रंगात असताना बाहेरून ‘कोपर वर घे, गुडघा वाकव, मान खाली’ असा मारा करणं म्हणजे मुलाला स्वतःच्या शरीराचा पहारेकरी बनवणं. ज्या सूचना सरावाला शोभतात, त्या सामन्यात एका शब्दावर आणाव्यात: ‘दाब’, ‘लांब’, ‘सोड’.

रेवड्यांची कुस्ती

मानसिक प्रशिक्षणाचा सर्वांत अस्सल देशी नमुना जत्रेच्या फडात सापडतो. मोठ्या इनामाच्या कुस्त्या लागण्याआधी चिल्लीपिल्ली लंगोट लावून उतरतात. हलगी कडाडत असते, चारी बाजूंना गर्दी, माती अंगावर उडवली जाते, आणि जिंकणाऱ्याच्या हातावर रेवड्या पडतात. हरणाऱ्याचं फारसं बिघडत नाही; धूळ झटकून तो पुन्हा जोड शोधतो. पुढे रेवड्यांवरून थोडे पैसे, मग जरा मोठं इनाम, मग नावाजलेला पैलवान. गर्दीची आणि पराभवाची सवय थोड्याथोड्या मात्रेनं होत जाते. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड मायकेनबॉम यांनी १९७०च्या दशकात ताणाची अशीच लस टोचण्याची शास्त्रोक्त पद्धत मांडली: आधी समजून घेणं, मग कौशल्यं शिकणं, मग वाढत्या दडपणाखाली ती वापरून पाहणं. वस्तादांनी तिसरी पायरी कधीचीच गाठलेली होती.

सवय नसली की काय होतं, हे साताऱ्याच्याच खाशाबा जाधवांच्या वाटचालीत दिसतं. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९४८ मध्ये लंडन ऑलिम्पिकला गेला, तेव्हा मातीत वाढलेल्या त्याच्या पायांखाली मॅट आली आणि नियमही नवे. तिथे तो सहावा आला. पुढची चार वर्षं त्यानं त्या पद्धतीची तयारी केली आणि १९५२ मध्ये हेलसिंकीत बँटमवेट गटात कांस्यपदक जिंकून स्वतंत्र भारताचा पहिला वैयक्तिक ऑलिम्पिक पदकविजेता ठरला. कोरियाचे तिरंदाज हेच तत्त्व पद्धतशीरपणे वापरतात. ते गजबजलेल्या बेसबॉल स्टेडियममध्ये सराव करतात. टोकियोआधी तर त्यांनी आपल्या केंद्रात तिथल्या मैदानाची प्रतिकृतीच उभारली होती.

वाईच्या शाळेला स्टेडियम लागत नाही. आठवड्यातून एकदा सरावाला स्पर्धेचं रूप द्यावं: गणवेश, नंबर, शिटी, दुसऱ्या तुकडीची मुलं आरडाओरडा करायला. एकदा मोबाइलवर ढोल-हलगीचा आवाज लावून. एकदा ‘तुझी हीट अर्धा तास पुढे गेली’ असं आयत्या वेळी सांगून, कारण खऱ्या स्पर्धेत हे हमखास घडतं आणि गरम झालेलं अंग थंड पडल्यावर मुलं हबकतात. जिल्ह्याच्या मैदानावर आदल्या दिवशी पोचता आलं तर स्वच्छतागृह, पाणी, नोंदणीचं टेबल आणि वॉर्म-अपची जागा फिरून दाखवावी.

निकालावर मालकी कुणाची?

सांगलीच्या संकेत सरगरनं ३० जुलै २०२२ रोजी बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात स्नॅचमध्ये ११३ किलो उचलले आणि सहा किलोंची आघाडी घेतली. क्लीन अँड जर्कमध्ये १३५ झाले. पुढच्या प्रयत्नात कोपर दुखावलं. एकूण २४८. मलेशियाच्या अनिक कासदाननं शेवटी १४२ किलो उचलून २४९ केले. एका किलोनं सुवर्ण गेलं. संकेतनं काय चुकवलं? प्रतिस्पर्ध्याच्या हातातलं वजन त्याच्या ताब्यात नव्हतंच.

फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा तिरंदाज प्रवीण जाधव टोकियो ऑलिम्पिकमध्ये एकाच दिवशी जागतिक क्रमवारीतल्या दुसऱ्या क्रमांकाच्या बझारझापोवला ६-० हरवतो आणि नंतर पहिल्या क्रमांकाच्या ब्रॅडी एलिसनकडून ०-६ हरतो. माणदेशातल्या मोहीची ललिता बाबर रिओ ऑलिम्पिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या प्राथमिक फेरीत ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करून अंतिम फेरी गाठते, पी. टी. उषानंतर ३२ वर्षांनी ट्रॅकवरची फायनल धावणारी पहिली भारतीय महिला ठरते, आणि फायनलमध्ये दहावी येते. या निकालांवर ‘हरला’, ‘हरली’ असा शिक्का मारणाऱ्याला खेळ कळलेला नाही.

म्हणून उद्दिष्टं तीन पातळ्यांवर लिहून घ्यावीत. पदकाचं उद्दिष्ट भिंतीवर राहू दे. त्याखाली स्वतःच्या कामगिरीचं: माझी वेळ, माझं वजन, माझे गुण. आणि सर्वांत खाली, सामन्याच्या दिवशी फक्त हेच वाचायचं: मी काय करणार. पहिली पातळी माझ्या हातात नाही, दुसरी बऱ्याच अंशी आहे, तिसरी पूर्ण आहे. मुलाची चिंता जिथे त्याचं काही चालत नाही तिथून जिथे चालतं तिथे आणणं, हे प्रशिक्षकाच्या सर्वांत मोठ्या कामांपैकी एक.

मैदानाबाहेरची माणसं

आता मोठ्यांकडे वळू. तारा स्कॅनलन आणि रिबेका ल्यूथवेट यांनी १९८४ मध्ये ९ ते १४ वर्षांच्या ७६ कुस्तीगीर मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कुस्तीआधी सर्वांत जास्त ताण कुणावर होता? मुळात चिंता करण्याचा स्वभाव असलेल्यांवर, आणि आईवडील खेळायला भाग पाडतात, मोठी माणसं काय म्हणतील, असं वाटणाऱ्यांवर. कुस्तीनंतर हरलेल्यांवर ताण जास्त होता, हे अपेक्षितच. पण ज्यांना खेळताना मजा आली होती, त्यांच्यावर तो कमी होता. मग ते जिंकलेले असोत वा हरलेले.

प्रशिक्षक बदलला तर काय बदलतं, हे वॉशिंग्टन विद्यापीठाच्या रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मोल यांनी तपासलं. मुलांच्या बेसबॉल संघांच्या काही प्रशिक्षकांना त्यांनी एका छोट्या वर्गात चार गोष्टी शिकवल्या: प्रयत्नाचं कौतुक लगेच करा, चुकीनंतर आधी धीर द्या मग तंत्र सांगा, शिक्षा आणि टोमणे टाळा, सूचना थोडक्यात द्या. पुढच्या हंगामात साध्या प्रशिक्षकांच्या संघांतली २६ टक्के मुलं खेळ सोडून गेली. शिकलेल्या प्रशिक्षकांच्या संघांतली फक्त पाच टक्के. दोन्हीकडच्या जिंकण्या-हरण्यात फरक नव्हता.

‘आम्ही कुठे दडपण देतो?’ असं पालक मनापासून म्हणतात. दडपण मोठ्या वाक्यांत नसतंच. ‘तुझ्यासाठी रजा काढून आलोय’, ‘शेजारच्या पोरीचं सिलेक्शन झालं’, ‘एवढे बूट घेऊन दिले’ अशा बारीकसारीक बोलण्यात ते असतं. परतीच्या एसटीत तर ते हमखास असतं. मूल थकलेलं, भुकेलं, आणि बाबा खिडकीशेजारी बसून सामन्याचं विच्छेदन करताहेत. त्या तासाभरात तंत्राची चर्चा बंद ठेवावी. खायला द्यावं, झोपू द्यावं. चर्चा दुसऱ्या दिवशी प्रशिक्षकांसोबत, आणि तीही तीन प्रश्नांत: काय जमलं, काय नाही जमलं, उद्या काय करून पाहायचं?

मोठ्यांचं आणखी एक काम आहे, आणि ते खाशाबांच्या हेलसिंकीच्या कहाणीत लपलेलं आहे. जपानच्या शोहाची इशीशी लांबलेली कुस्ती झाल्यावर लगेच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोवशी खेळावं लागलं. दोन कुस्त्यांमध्ये मिळायला हवी होती ती विश्रांती मागायला भारतीय अधिकारी जवळ नव्हता, असं सांगितलं जातं. वयाचे दाखले, नोंदणी, वेळापत्रकातले बदल, पंचांशी वाद, जेवणाची सोय ही सगळी लढाई मोठ्यांनी अंगावर घ्यायची असते. मुलाच्या वाट्याला फक्त खेळ यावा.

ताण हाताबाहेर गेला तर

स्पर्धेचा ताण स्पर्धेबरोबर ओसरतो. तो ओसरत नसेल, दोन-तीन आठवडे झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, मूल आवडत्या खेळाचं नाव काढताच रडत असेल किंवा स्वतःला इजा करण्याचं बोलत असेल, तर तो प्रशिक्षकाच्या आवाक्यातला विषय राहत नाही. मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं; केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र विनामूल्य उपलब्ध आहे. यात कमीपणा नाही, हे मुलांना मोठ्या खेळाडूंच्याच तोंडून ऐकवावं. ३० ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईत ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या महिला क्रिकेट विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात नाबाद १२७ धावा केल्यावर मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जनं आपण त्या स्पर्धेत तीव्र चिंतेतून जात होतो, जवळजवळ रोज रडत होतो, हे सगळ्यांसमोर सांगितलं. तिला सावरलं ते आईवडिलांनी आणि संघातल्या मैत्रिणींनी. मूल बोलू शकेल असा एक तरी माणूस प्रत्येक संघात असावा, आणि त्याच्या हाती संघनिवड नसावी.

हे सगळं कधी सुरू करायचं? तालुका स्पर्धा पावसाळ्यात येतात, म्हणून जूनमध्ये, शाळा उघडल्या उघडल्या. पहिले चार आठवडे श्वास आणि ताणाची वही. जुलैत प्रत्येकाचं रूटीन आणि जर-तरची वाक्यं. त्यानंतर दर आठवड्याला गोंगाटातली एक लुटुपुटूची स्पर्धा, आणि पालकांची एक बैठक. स्पर्धेच्या दिवशी नवं काहीही शिकवायचं नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलांना यातलं श्वास आणि मजा एवढंच पुरे. वही आणि चित्रं चौदानंतर. वेळापत्रकात वेगळा तास मागायचीही गरज नाही. वॉर्म-अपनंतरची पाच मिनिटं पुरतात. फक्त ती रोजची हवीत.